झोतभट्टीच्या पुढचा धडा

लोखंड कसं बनवतात असं विचारलं की मुलं झोतभट्टीची आकृती काढून मोकळी होतात. हेमॅटाइट, कोक, चुनखडी, गुणही पूर्ण! पण या पद्धतीत एक टन पोलादामागे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे आपण सांगतो का?

स्वीडनमध्ये लुलेओ येथे 2020 साली सुरू झालेल्या हायब्रिट प्रकल्पात कोकऐवजी हायड्रोजन वापरतात. तो खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि बाहेर पडते पाण्याची वाफ. लोखंड इथे वितळत नाही. घन स्पंज लोह मिळतं, ते पुढे विजेच्या भट्टीत वितळवतात. 2021 मध्ये असं पोलाद व्होल्वोला दिलंही गेलं.

माझं मत असं, की फळ्यावर दोन्ही समीकरणं शेजारी-शेजारी लिहावीत. क्षपण म्हणजे काय, हे तिथेच कळतं. (पाठांतराची गरजच उरत नाही.) मात्र ‘हायड्रोजन म्हणजे स्वच्छ’ एवढ्यावर थांबू नका. पाण्याच्या विद्युत अपघटनाला भरपूर वीज लागते. स्वीडनकडे जलविद्युत आहे. आपली बरीचशी वीज कोळशाची. चंद्रपूरच्या औष्णिक विजेवर हायड्रोजन बनवला, तर धूर कुठून निघेल? घरी मुलांना विचारून बघा.