सीडीएमएची पेटंटे : दावे त्यांचे, देणे आपले

सहाव्या पिढीच्या भ्रमणध्वनी तंत्रज्ञानातील जागतिक पेटंटांपैकी दहा टक्के भारताच्या नावावर असावीत, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने समोर ठेवले आहे. मार्च २०२३ मध्ये ‘भारत ६जी’चे दृष्टिपत्र प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी उद्योग व संशोधन संस्थांची आघाडी उभी राहिली आणि तेव्हापासून हा आकडा मंत्र्यांच्या भाषणांत वरचेवर येतो. आकडा आकर्षक आहे. पण पेटंटांची मोजदाद करून दूरसंचार क्षेत्रात कोण श्रीमंत झाले, याचा उलगडा होत नाही. त्यासाठी साडेतीन-चार दशकांपूर्वीची मोजकी पेटंटे शेजारी शेजारी ठेवून वाचावी लागतात. त्यांचे मोल भारतीय ग्राहकाने, त्यात गोमंतकीय ग्राहकही आला, प्रत्येक हँडसेटमागे चुकते केले आहे.

भारतात सीडीएमए सेवा टाटा टेलिसर्व्हिसेसने प्रथम आणली ती तेव्हाच्या आंध्र प्रदेश परिमंडळात. काचीगुड्याला लागून असलेल्या बरकतपुऱ्यासारख्या हैदराबादच्या जुन्या वस्त्यांत त्यानंतरच्या वर्षांत तारेविना चालणारे टेबलावरचे फोन दिसू लागले. टाटांचा ‘वॉकी’ आणि रिलायन्सचा ‘हॅलो’ अनेकांच्या स्मरणात असतील. महाराष्ट्र व गोव्याच्या परिमंडळात मूलभूत दूरध्वनी सेवेचा परवाना ह्यूजेस टेलिकॉमकडे होता. डिसेंबर २००२ मध्ये टाटांनी ती कंपनी घेतली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस रिलायन्स इन्फोकॉमनेही सीडीएमएच्याच बळावर बाजारात उडी मारली. स्वस्त फोनचे ते पर्व होते. त्या फोनच्या किमतीत एक वाटा सॅन दिएगोच्या क्वालकॉम कंपनीचा आहे, हे मात्र ग्राहकाच्या पावतीवर कधी छापले गेले नाही.

हा वाटा कशाचा होता? सीडीएमए हा ‘स्प्रेड स्पेक्ट्रम’ तंत्राचा एक प्रकार. संदेश गरजेपेक्षा कितीतरी रुंद वारंवारिता-पट्ट्यावर पसरवायचा आणि ज्याच्याकडे योग्य संकेत आहे त्यानेच तो पुन्हा गोळा करायचा, हे त्याचे सूत्र. बरकतपुऱ्यातील भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या खिडकीसमोर एकाच वेळी तेलुगू, दखनी, मराठी आणि कन्नड बोलणारी माणसे उभी असली, तरी मराठी माणसाला मराठी वाक्य त्या गलक्यातही उमगते. इतर भाषा त्याच्या दृष्टीने केवळ पार्श्वभूमीचा कोलाहल असतात. सीडीएमएत प्रत्येक फोनला अशी स्वतंत्र ‘भाषा’ मिळते आणि सगळे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात. अडचण एकच : खिडकीला खेटून उभा असलेला एकजण ओरडू लागला, तर मागच्याचे बोलणे कोणत्याही भाषेत असो, बुडून जाते. अभियंत्यांच्या परिभाषेत हा ‘जवळ-दूर’ प्रश्न. प्रतिस्पर्धी कंपन्यांची सुरुवातीची पेटंटे वेगळी ठरतात ती बरीचशी या प्रश्नापाशी.

मूळ कल्पनेचा मान यांपैकी कुणाकडेही जात नाही. हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये पाणतीराच्या नियंत्रणासाठी अमेरिकी पेटंट मिळाले होते. त्यात पियानोच्या पट्ट्यांइतक्या, म्हणजे ८८ वारंवारितांवर संदेश उड्या मारत जातो आणि शत्रूला तो अडवता येत नाही. हेतू गुप्ततेचा होता. सतरा वर्षांची मुदत १९५९ मध्ये संपली आणि त्या दोघांच्या पदरात काहीही पडले नाही. १९८० च्या दशकात ज्यांनी नवे दावे मांडले, त्यांना लपवण्यात रस नव्हता. त्याच पट्ट्यात अधिक ग्राहक कसे बसवता येतील, हा त्यांचा प्रश्न होता.

क्वालकॉमचे पायाभूत पेटंट ऑक्टोबर १९८६ मध्ये दाखल झाले आणि फेब्रुवारी १९९० मध्ये मंजूर झाले. क्लाइन गिलहाउझेन, आयर्विन जेकब्स व लिंडसे वीव्हर हे त्याचे संशोधक. त्याच्या शीर्षकात जमिनीवरील मनोऱ्यांइतकेच उपग्रहालाही स्थान आहे, कारण ही कल्पना आकाराला आली ती ह्यूजेसच्या उपग्रह प्रकल्पाच्या कामातून. पुढे त्याच नावाची कंपनी गोव्यात परवानाधारक झाली, हा योगायोग. पेटंटाचा गाभा असा की, या पद्धतीत ग्राहकसंख्येची मर्यादा इतरांच्या गोंगाटावर ठरते, म्हणून गोंगाट जिथून मिळेल तिथून कमी करावा : माणूस गप्प असेल तेव्हा प्रक्षेपण उतरवावे, अँटेना दिशा पाहून बसवाव्यात, प्रत्येकाने गरजेपुरतीच शक्ती वापरावी. ऑक्टोबर १९९१ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या पेटंटात शक्तीनियंत्रणाची रीतच बांधून दिली आहे. फोनने आधी स्वतः अंदाज घ्यायचा, मग मनोऱ्याने त्याला ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ असे सतत सांगत राहायचे. पुढे मानकात हा आदेश सेकंदाला ८०० वेळा जाऊ लागला. थोडक्यात, ओरडणाऱ्याला हळू बोलायला लावायचे.

स्वीडनच्या एरिक्सनचा भर तेव्हा वेळेची वाटणी करणाऱ्या प्रतिस्पर्धी पद्धतीवर होता, तरी तिचे अभियंते सीडीएमएकडे दुर्लक्ष करत नव्हते. पॉल डेंट यांच्या १९९२ च्या पेटंटातील उत्तर क्वालकॉमच्या नेमके उलट आहे. ओरडणाऱ्याला गप्प करण्याऐवजी आधी त्याचेच ऐकून घ्या. सर्वांत बलवान संदेश उलगडा, तो एकूण गलक्यातून वजा करा, मग त्याखालचा घ्या. बुद्धीला हे उत्तर अधिक सुंदर वाटते. पण त्यासाठी लागणारी गणनाशक्ती त्या काळच्या उपकरणांना झेपणारी नव्हती.

इंटरडिजिटलने तिसरी वाट धरली. १९९२ मध्ये तिने डोनाल्ड शिलिंग यांची कंपनी विकत घेतली आणि तिच्यासोबत ‘ब्रॉडबँड सीडीएमए’ची पेटंटे मिळवली. पट्टा इतका रुंद करायचा की त्याच जागेत आधीपासून असलेल्या सूक्ष्मलहरी दुव्यांच्या अंगावरून नवा संदेश त्यांना धक्का न लावता जावा, हा त्यामागचा विचार.

तिन्ही कंपन्यांचे दावे तोलामोलाचे होते. तरीही पैसा एका बाजूला वाहिला तो मानकामुळे. क्वालकॉमने नोव्हेंबर १९८९ मध्ये सॅन दिएगोत प्रात्यक्षिक दाखवले, जुलै १९९३ मध्ये तिची पद्धत अमेरिकेत मानक म्हणून स्वीकारली गेली आणि त्या मानकाप्रमाणे फोन बनवणाऱ्याला तिच्या दाराशी जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही. इंटरडिजिटलने १९९३ मध्ये तिला न्यायालयात खेचले. पुढल्या वर्षी ५५ लाख डॉलरमध्ये तडजोड झाली. नंतर जे मिळाले ते पाहता ही रक्कम क्वालकॉमसाठी चिल्लरच म्हणावी लागेल. एरिक्सनशी १९९६ मध्ये सुरू झालेला वाद मार्च १९९९ मध्ये मिटला, तेव्हा दोघांनी एकमेकांची पेटंटे वापरायची मुभा घेतली आणि क्वालकॉमचा मनोऱ्यांची उपकरणे बनवणारा विभाग एरिक्सनने विकत घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस हँडसेटचा व्यवसाय जपानच्या क्योसेराकडे सोपवण्याचे ठरले. कारखाने गेले, हातात चिप आणि पेटंटे राहिली. हा सौदा कुणाच्या फायद्याचा होता, ते तिसऱ्या पिढीने दाखवून दिले, कारण जीएसएमवाल्यांची ३जीदेखील आतून सीडीएमएच होती.

भारताने या घडामोडीत मानक ठरवणाऱ्यांच्या नव्हे, घेणाऱ्यांच्या रांगेत जागा घेतली. घरगुती पर्याय होता. मद्रास आयआयटीतील अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने मायडास कंपनीसह कॉरडेक्ट ही बिनतारी दूरध्वनी प्रणाली घडवली होती. मात्र फिरत्या फोनच्या लाटेत ती मागे पडली. २००६ मध्ये रिलायन्सने स्वामित्वधन कमी करण्यासाठी क्वालकॉमशी जाहीर वाद घातला आणि जीएसएमकडे वळण्याचा इशारा दिला, तोवर लक्षावधी ग्राहक त्या जाळ्यात होते. चीनची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी २०१५ मध्ये तेथील नियामकाने क्वालकॉमला ६०८ कोटी युआनहून अधिक दंड केला आणि ३जी फोनवरील पाच टक्के आकारणी पूर्ण किमतीवर न होता तिच्या ६५ टक्क्यांवर व्हावी असे ठरले. दहा हजारांच्या फोनमागे पाचशे आणि सव्वातीनशे, इतका हा फरक.

आपल्याकडे असा निवाडा करणारे एक ठिकाण नाही. जुलै २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट परवान्यांच्या प्रश्नात स्पर्धा आयोगाला हात घालता येणार नाही, असे म्हटले. त्यामुळे प्रत्येक कंपनीला आपापला खटला लढणे भाग आहे. मार्च २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने लाव्हा या भारतीय हँडसेट कंपनीने एरिक्सनला सुमारे २४४ कोटी रुपये द्यावेत, असा निकाल दिला. खटल्याला नऊ वर्षे लागली.

दहा टक्क्यांच्या उद्दिष्टाकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. हजार पेटंटे नोंदवून एकही मानकात न जाणे शक्य आहे आणि त्यांच्या नूतनीकरणाचे शुल्क तेवढे भरावे लागेल. याउलट पाचव्या पिढीच्या वेळी हैदराबाद आयआयटी आणि मद्रास आयआयटीच्या परिसरातील संशोधकांनी ‘५जीआय’ची मांडणी केली, ती एका नेमक्या अडचणीवर होती : खेड्यांत मनोरे दूर दूर असतात, तेव्हा फोनचा क्षीण संदेश तिथवर पोहोचवायचा कसा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ती मान्य केली. देशी मोबाइल कंपन्यांनीच वेगळ्या मानकाला विरोध केला, तो खर्चाच्या दृष्टीने समजण्याजोगा होता. अखेर त्यातील तंत्र जागतिक मानकात विलीन झाले. ६जीच्या मानकाचे काम आता सुरू आहे. त्या बैठकांना भारताकडून किती अभियंते जातात, किती वर्षे सलग जातात आणि त्यांचा खर्च कोण उचलतो, हे आकडे दहा टक्क्यांच्या शेजारी छापले जायला हवेत.