पोटभर मजुरीत शेटजींचाच नफा

मजुरी वाढविली की धंदा बुडाला, हे रडगाणे आमचे कारखानदार व कंत्राटदार नेहमीच गातात. शेटजी, दयाधर्म राहू द्या; चोपडी उघडून आपला स्वार्थ तरी नीट पाहा!

अमेरिकेतील मोटारवाल्या हेन्री फोर्डला १९१३ साली सुमारे १४ हजार जागा भरलेल्या ठेवण्यास ५२ हजारांवर माणसे घ्यावी लागली. आज शिकविलेला गडी उद्या पसार! १९१४ च्या जानेवारीत त्याने आठ तासांस पाच डॉलर रोज जाहीर केला व ही पळापळ आटोक्यात आली. तो काही संत नव्हे. मजुरांच्या घरी तपासनीस धाडी. पण ह्या मजुरीने खर्च वाचला, अशी कबुली त्याने १९२२ च्या आत्मचरित्रात दिली आहे.

आणि येथे? गावच्या भावाने घरभाडे, दाणे व पोरांची शाळा भागत नाही, म्हणून गडी रात्री दुसरीकडे राबतो व सकाळी तुमच्या यंत्रापुढे पेंगतो. माल बिघडला की दंड त्यालाच!

नारायणराव लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणीकामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली, तेव्हाही मालक कुरकुरलेच. १८९० साली रविवार मिळाला. त्याने मुंबईच्या गिरण्या बुडाल्या काय?