शेजारची रिकामी सीट

"मराठी विभागासाठी काहीतरी लिही" असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा आधी मला हसूच आलं. दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. एकोणसाठ म्हणजे फिफ्टी-नाइन की सिक्स्टी-नाइन हे आजही मला मनातल्या मनात मोजावं लागतं. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या दोन माणसांमुळे तो सुचला, त्यांतल्या एकाला इंग्रजी वाचता येत नाही आणि हा लेख त्यांनी वाचावा अशी माझी फार इच्छा आहे.

त्यांच्याविषयी नंतर. आधी माझी मामेबहीण. ती गोंदियाजवळ बिरसीला विमान चालवायला शिकते. आपल्या वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं आणि शेवटचं स्टेशन येईपर्यंत उतरलं नाही, की गोंदिया. तिथून थोड्याच अंतरावर बिरसीची धावपट्टी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी ती बांधली. पुढे एअरपोर्ट्स अथॉरिटी आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून २००८ च्या सुमारास तिथे वैमानिक घडवणारी संस्था सुरू केली. आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे? पायलट व्हायचं तर अमेरिकेलाच जावं लागतं असं मलाही वाटायचं.

दिवाळीत मामाच्या गच्चीवर आम्ही सगळे बसलो होतो. नागपूरला उतरणारी विमानं आमच्या भागावरून जातात. त्यांचे दिवे दिसले की मामा हल्ली बोलता बोलता थांबतो. तेवढ्यात ताईने तिच्या पहिल्या 'सोलो'ची गोष्ट सांगितली.

त्या सकाळी सरांबरोबर तिने तीन लँडिंग केली. नेहमीसारखीच एक बरी, दोन ठीकठाक. मग सर म्हणाले, विमान बाजूला घेऊन थांबव. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. सरांनी हेडसेट काढला, स्वतःचा पट्टा सोडला, खाली उतरले आणि तो पट्टा रिकाम्या सीटवर पुन्हा नीट बांधून ठेवला. सुटा पट्टा कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून. "एक सर्किट मारून ये," एवढंच बोलले आणि चालू लागले.

सर्किट म्हणजे धावपट्टीभोवतीची आयताकृती फेरी. वाऱ्याच्या तोंडावर टेक-ऑफ घ्यायचा, वळायचं, साधारण हजार फुटांवर धावपट्टीला समांतर उलट्या दिशेने जायचं, पुन्हा दोनदा वळायचं आणि उतरायचं. सगळा खेळ सहा-सात मिनिटांचा.

ताई सांगत होती, पहिला धक्का विमानानेच दिला. हजार-बाराशे किलोच्या विमानातून ऐंशी किलोचा माणूस उतरला, की ते लगेच कळतं. रोजच्यापेक्षा लवकर जमीन सुटली आणि रोजच्यापेक्षा वेगाने विमान चढायला लागलं. आपण थर्मोडायनॅमिक्स आणि मेकॅनिक्सच्या पेपरात पॉवर आणि वेटची गणितं सोडवतो. तिला ते गणित पाठीला जाणवलं! वर गेल्यावर सवयीने तिने शेजारी पाहिलं. बांधलेला पट्टा आणि रिकामी सीट. तरी सगळी चेकलिस्ट तिने मोठ्याने म्हटली, जणू सर ऐकताहेत. उतरतानाही तेच. हलकं झालेलं विमान धावपट्टीवर टेकायलाच तयार होईना, तरंगतच राहिलं. घाईने नाक खाली दाबलं तर आपटणार. "काही न करता थांबायचं, हे सगळ्यात कठीण होतं," ती म्हणाली. चाकं टेकली. खाली आल्यावर मित्रमैत्रिणींनी तिच्या अंगावर बादल्या ओतल्या. तशी पद्धतच आहे. अमेरिकेत म्हणे पहिल्या सोलोनंतर शर्टाचा मागचा भाग कापतात. पूर्वी शिक्षक मागच्या सीटवर बसून विद्यार्थ्याचा शर्ट ओढून सूचना द्यायचे, आता ओढायची गरज उरली नाही म्हणून.

आम्ही टाळ्या वाजवल्या. मामी मात्र गप्प होती. १८ मार्च २०२३ ला बिरसीहून उडालेलं एक प्रशिक्षण विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघेही गेले. ती बातमी मामी विसरलेली नाही. शेवटी तिने विचारलंच, "अन् तुझे सर खाली उतरून काय करत होते?"

ताई म्हणाली, "खाली उभे होते. हातात रेडिओ होता. मी टेकेपर्यंत बसले नाहीत म्हणे."

मित्रांनो, माझा मुद्दा इथे सुरू होतो. सर उतरले ते काही त्या दिवशी मूड चांगला होता म्हणून नाही. त्याआधी मेडिकल झालं होतं, शिकाऊ वैमानिकाचं लायसन्स झालं होतं, कितीतरी तासांचं शेजारी बसून शिकवणं झालं होतं. इंजिन बंद पडलं तर काय, लँडिंग जमत नाही असं वाटलं तर पुन्हा वर कसं जायचं, हे घोटून झालं होतं. दुसऱ्या सीनिअर शिक्षकाने बसून तपासलंही होतं. एवढं झाल्यावर शिक्षकाचं एकच काम उरतं, ते म्हणजे उतरणं. ते त्याने केलं नाही तर आधीचं सगळं वाया.

आणि हे आपल्याकडे नवीन नाही. मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ चा. तिथेच शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला भारतात दिलं गेलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळवलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला ते कराचीहून टपाल घेऊन छोट्या पुस मॉथ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आले, तेव्हा विमानात एकटेच होते. देशाची विमानसेवा अशी एकट्याच्या हाताने सुरू झाली.

नियमच पाहा ना. आपल्या देशात कमर्शिअल पायलट व्हायला २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले किमान १०० तास विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन उडवलेले असावे लागतात. म्हणजे निम्मे! आता आपला हिशेब करू. आठ सेमिस्टर, प्रत्येकात ढीगभर प्रॅक्टिकल्स. त्यांतली किती तुम्ही एकट्याने, पहिल्या स्विचपासून शेवटच्या रीडिंगपर्यंत केली? मी मेकॅनिकलची, तिसऱ्या वर्षाला. माझं उत्तर आहे, एकही नाही.

आपली बॅच वीस जणांची. मशीनजवळ दोघं, त्यांच्यामागे चौघं, बाकीचे खिडकीपाशी. रीडिंग्ज सीनिअरच्या रेकॉर्डमध्ये असतातच. आणि मुलींचं तर ठरलेलंच आहे. "तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही." पाच सेमिस्टर मी लिहिते आहे. इंजिन ट्रायलची माझी फाइल बघून एक्सटर्नल खूश झाले होते. त्या इंजिनाला मी हातही लावला नव्हता. मुलींना जमत नाही म्हणावं, तर सौदामिनी देशमुख यांनी १९८५ मध्ये फक्त महिला क्रू असलेल्या फोकर विमानाची कमान सांभाळली होती. त्यांनाही कोणीतरी कधीतरी "तू लिही" न म्हणता "तू जा" म्हटलं असेलच ना?

आता ते दुसरे गृहस्थ. वर्कशॉपमधले आपले काका. मागच्या सेमिस्टरला माझा जॉब राहिला होता म्हणून मी संध्याकाळी एकटीच गेले. काकांनी लेथवर जॉब बांधून घेतला, सेटिंग दोनदा तपासलं, माझी ओढणी मागे बांधायला लावली, गॉगल दिला. आणि दोन पावलं मागे सरकले. मी म्हटलं, "काका, तुम्हीच करून द्या ना." तर म्हणाले, "करून पाय ना पोरी. मी हावो इथंच." पार्टिंग करताना मी फीड जास्त दिला आणि टूलचं टोक कटकन तुटलं. मला रडूच आलं. काकांनी मशीन बंद केलं, दुसरं टूल लावलं आणि म्हणाले, "आता हाताले समजलं. पुन्हा कर." दुसऱ्यांदा झालं. चार वर्षांच्या डिग्रीतला माझा सोलो तेवढाच.

सर लोकांची अडचण मला कळते. मशीन महाग आहेत, बॅचेस मोठ्या आहेत, काही तुटलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं, कोणाला लागलं तर त्याहून मोठं. पण विमान आपल्या लेथपेक्षा महाग असतं आणि तिथली चूक कितीतरी भयंकर. तरी तिथे शिक्षक उतरतो. म्हणून माझी मागणी छोटीच आहे. दर सेमिस्टरला, दर विषयात, एक प्रॅक्टिकल प्रत्येकाने एकट्याने करायचं. आधी सरांनी कडक तपासावं, तयारी नसेल त्याला परत पाठवावं. तयारी असेल त्याच्यापासून दोन पावलं मागे सरकावं. रीडिंग चुकीचं आलं तरी तेच लिहायचं आणि का चुकलं ते खाली लिहायचं. मार्क त्याला द्यावेत. आणि आपणही "सर, तुम्हीच दाखवा ना" म्हणणं सोडावं, कारण खरं सांगायचं तर खिडकीपाशी उभं राहणं आपल्याला आवडतं.

ताईच्या लॉगबुकात त्या सहा-सात मिनिटांची एक ओळ आहे. तिने मला दाखवली. अक्षर अगदी भिकार आहे, हात थरथरत होता म्हणे. माझ्या सुंदर अक्षरातल्या सगळ्या फाइल्स मी त्या एका ओळीवरून ओवाळून टाकीन.

काका, तुम्ही वाचताय ना? पुढच्या सेमिस्टरला इंजिन लॅबमध्येही दोन पावलं मागे सरकणारं कोणी आहे का, तेवढं विचारून ठेवा.