नातवंडांचा आवाज आणि आपले कान

धान कापून घरात आले, की आपल्या झाडीपट्टीत नाटकांचे दिवस सुरू होतात. दिवाळीपासून होळीपर्यंत वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या भागांत गावोगावी मंडप पडतात आणि रात्र-रात्र प्रयोग रंगतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपणा सर्वांनाच आपल्या मातीतील आवाजाचा गौरव झाल्यासारखे वाटले. आजीच्या मांडीवर डोके ठेवून पहाटेपर्यंत नाटक पाहिलेली मुले दुसऱ्या दिवशी अंगणात खलनायकाच्या थाटात संवाद फेकू लागतात. त्यातच शाळेचे स्नेहसंमेलन येते, कबड्डीचे सामने येतात, थंडी आणि धूळही असते. मग घराघरांत एक वाक्य ऐकू येते : ‘पोराचा घसा बसला आहे, होईल बरा.’

वाचकहो, बहुतेक वेळा तो बराही होतो. सर्दी-पडशाने बसलेला आवाज साधारणपणे दोन आठवड्यांत पूर्ववत होतो. जो होत नाही, त्याचा विचार आज करावयाचा आहे. त्यात घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे.

आपल्या कंठात श्वासनलिकेच्या तोंडाशी दोन नाजूक स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांवर आपटत कंप पावतात. प्रौढ पुरुषाच्या स्वरतंतूंचा कंप सेकंदाला सुमारे शंभर ते सव्वाशे वेळा होतो. लहान मुलाचा अडीचशे ते तीनशे वेळा. आकाराने लहान, रचनेने कोवळे आणि कामाने दुप्पट, अशी ही इंद्रिये आहेत. मूल सतत ओरडून बोलू लागले, की दोन्ही तंतूंवर समोरासमोर घट्ट्यासारख्या लहान गाठी उठतात. कुदळ धरणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडावेत, तशाच. मुलांचा आवाज दीर्घकाळ घोगरा राहण्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे. लहान वयात मुलींपेक्षा मुलांमध्ये ते अधिक आढळते. सकाळी आवाज जरा बरा, संध्याकाळी अगदी खरखरीत, गाताना वरचा सूर तुटणे, ही त्याची लक्षणे होत. या गाठी कर्करोगाच्या नसतात. त्यांना शस्त्रक्रियेची गरज क्वचितच भासते. आवाज वापरण्याची पद्धत बदलली, की बहुतेक मुलांत त्या ओसरतात.

मूल ओरडते का, हा खरा प्रश्न आहे. खेळात ओरडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या घरात आजोबांना कमी ऐकू येते, तेथे नातवाला प्रत्येक वाक्य दोनदा आणि दुसऱ्यांदा ओरडून बोलावे लागते. दूरदर्शन संचाचा आवाज आजीच्या कानांना पुरेल इतका चढलेला असतो, आणि त्यावरून मुलाला स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारायची असते. मोठ्याने बोलणे ही मग त्या घराची रीतच होऊन बसते. मुलाला ‘हळू बोल’ असे दहा वेळा सांगण्यापेक्षा आपले कान एकदा तपासून घेणे अधिक गुणकारी ठरते. कानात केवळ मळ साचलेला असेल, तर तो डॉक्टरांकडून काढून घेतल्याने काम भागते. श्रवणयंत्राची गरज निघाली, तर संकोच बाळगू नये. अल्प उत्पन्न असलेल्या ज्येष्ठ नागरिकांना केंद्र शासनाच्या २०१७ पासूनच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून अशी साधने दिली जातात. तोवर घरात एक नियम पाळावा : ज्याला बोलायचे आहे, त्याने जवळ यावे, समोर बसावे, मग बोलावे. ऐकणाऱ्याने दूरदर्शन बंद करावा. याच वेळी मुलाचेही कान तपासून घ्यावेत. ज्याला स्वतःलाच कमी ऐकू येते, ते मूल नकळत मोठ्याने बोलते.

घरगुती उपायांबद्दलही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळद घातलेले दूध यांनी घशाला आराम वाटतो, आणि त्यास हरकत नाही. परंतु गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरतंतूंवर पडत नाही. म्हणून गाठी चाटणांनी विरघळत नाहीत. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच देऊ नये. उकळत्या पाण्याच्या भांड्याशी लहान मुलाला वाफ घ्यायला बसवू नये. भांडे कलंडून मुले भाजतात. दिवसभर थोडे थोडे पाणी पाजावे, चुलीच्या आणि विडीच्या धुरापासून मुलाला दूर ठेवावे. घसा बसलेल्या मुलाला ‘कुजबुजत बोल’ असे सांगू नये, कारण जोर लावून कुजबुजल्यानेही कंठावर ताण येतो. हळू, सहज आवाजात बोलणे अथवा थोडा वेळ गप्प बसणे, हेच बरे. नाटकाच्या रात्रीनंतरची सकाळ शांतपणे गोष्टी सांगण्यात घालवावी; आपण सांगाव्यात आणि मुलाने ऐकाव्यात.

आता मुख्य नियम. आवाजाचा घोगरेपणा चार आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून कंठाची तपासणी करून घ्यावी. बारीक दुर्बीण नाकातून अथवा तोंडातून घालून स्वरतंतू पाहता येतात. तपासणी काही मिनिटांची असते. ती आवश्यक आहे, कारण सर्वच घोगरेपणा ओरडण्याने येत नाही. काही लहान मुलांत विषाणूमुळे कंठात मसे वाढतात. आवाज दिवसेंदिवस बसत जातो, श्वास घरघरतो आणि तो दमा समजून महिनोन्‌महिने चुकीचे औषध चालू राहते. शाळा व अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आवाजाविषयी आवर्जून सांगावे; २०१३ पासून चालू असलेला हा कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पुढे ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, चंद्रपूर अथवा नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अशी वाट आहे. गाठींचे निदान झाल्यावर वाचा व स्वर उपचारतज्ज्ञ मुलाला श्वास आणि आवाज यांचा मेळ शिकवतात. सिरोंचा-भामरागडाहून अशी फेरी म्हणजे अख्खे दिवस मोडणे, हे खरे. म्हणूनच तज्ज्ञांकडून घरी करण्याचे व्यायाम नीट समजून, लिहून आणावेत. ते रोज करवून घेण्याइतका वेळ घरात बहुधा आजी-आजोबांपाशीच असतो.

आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांसाठी आपले कान आणखी मोलाचे आहेत. रोज ऐकणाऱ्याला आवाजातील सावकाश बदल जाणवत नाही. चार महिन्यांनी सुट्टीत घरी आलेल्या नातवंडाचा आवाज बदललेला असेल, तर तो पहिल्या दिवशी आपल्यालाच कळतो. तो सुट्टी संपेपर्यंत मनात ठेवू नये.

किशोरवयाची गोष्ट वेगळी. साधारण बारा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान मुलाचा कंठ वाढतो, स्वरतंतू लांब व जाड होतात आणि आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो. त्या काळात तो मध्येच फाटतो, चिरकतो. हा आजार नव्हे. यावर हसू मात्र नये. मुलींचाही आवाज थोडा उतरतो, पण तो सहसा लक्षात येत नाही. एखाद्या मुलाला मिसरूड फुटली, उंची वाढली, तरी आवाज बालकासारखाच राहतो. गावात टोपणनावे पडतात, मुलगा बोलणेच टाकतो, दुकानात जायचे टाळतो, शाळा सोडण्याची भाषा करतो. अशा बहुतेक मुलांचा कंठ पूर्ण वाढलेला असतो. केवळ तो वापरण्याची सवय जुनी राहिलेली असते. तपासणीनंतर स्वर उपचाराच्या थोड्या बैठकांत त्याचा खरा आवाज बहुधा सापडतो. कधी एखाद्या मुलीचा आवाज मानसिक धक्क्यानंतर एकाएकी जातो; खोकताना मात्र आवाज उमटतो. ते ढोंग नव्हे, बाहेरची बाधाही नव्हे. कंठ तपासून घ्यावा, आणि तिच्या मनावर काय ओझे आहे, ते प्रेमाने विचारावे.

काही प्रसंगी मात्र चार आठवडे काय, चार तासही थांबू नये. शेंगदाणा, चिंचोका किंवा बोराची बी तोंडात असताना ठसका लागून आवाज बसला; श्वास आत घेताना कर्कश आवाज येऊ लागला; लाळ गिळता येईना; तापासोबत घशात पांढरट-करडा पापुद्रा दिसला अथवा मान सुजली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. हा पापुद्रा घटसर्पाचा असू शकतो. पाच, दहा आणि सोळा वर्षांच्या लसी चुकवू नयेत. आपल्या जंगल भागात आणखी एक खूण ध्यानात ठेवावी. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले, पापण्या जड झाल्या, बोलणे गेंगाणे झाले, गिळता येईना, तर मण्यार चावल्याचा संशय धरावा. तिचा दंश बहुधा दुखत नाही, खूणही दिसत नाही. मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

वाचकहो, या पंधरवड्यात दोन कामे करावीत. घरातील प्रत्येक मुलाचा आवाज दूरदर्शन बंद करून, शांतपणे पाच मिनिटे ऐकावा. बसलेला वाटला, तर दिनदर्शिकेवर आजच्या तारखेला खूण करावी आणि तेथून चार आठवडे मोजावेत. दुसरे काम, स्वतःच्या कानांची तपासणी. घरातील मोठ्यांना नीट ऐकू येऊ लागले, की लहानांना ओरडावे लागत नाही.