घड्याळ कोणाच्या हाती द्यावे?

मनगटावरचे घड्याळ बंद पडले म्हणून आज कोणाचे काही अडत नाही. वेळ मोबाइलच्या पडद्यावर दिसते, रेल्वेच्या फलाटावर दिसते, कार्यालयातील संगणकावरही दिसते. तरीही कपाटाच्या खणात रुमालात गुंडाळून ठेवलेले एखादे ओमेगा, रोलेक्स किंवा फेवर ल्युबा घड्याळ घेऊन माणसे आजही दुकानोदुकानी हिंडतात. त्यांना वेळ पाहावयाची नसते. आजोबांनी निवृत्तीच्या दिवशी मिळवलेली, आगबोटीवर नोकरी करणाऱ्या काकांनी परदेशातून आणलेली, वडिलांनी लग्नात वापरलेली ती वस्तू पुन्हा चालती व्हावी, एवढीच त्यांची इच्छा असते. ती पूर्ण होणे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. त्याचे कारण घड्याळाच्या जुनेपणात जितके आहे, त्याहून अधिक ते बाजाराच्या नव्या रीतींत आहे.

चैनीच्या वस्तूची एवढी चिंता कशाला वाहावी, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप वाजवी आहे. परंतु वस्तू विकत घेतल्यावर तिच्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न ट्रॅक्टरला, शिलाईयंत्राला आणि मोबाइललाही लागू पडतो. महागड्या घड्याळात तो अधिक ठळकपणे दिसतो, इतकेच.

चावीच्या घड्याळाची रचना थोडक्यात समजून घेतली पाहिजे. चावी दिली की पोलादी कमान डबीत गुंडाळली जाते. ती उलगडू लागली की तिची शक्ती चार-पाच दंतचक्रांतून पुढे जाते आणि शेवटी एका हेलकावणाऱ्या चक्रापाशी पोचते. या चक्राला केसासारखी बारीक कमान बसवलेली असते. कारागीर चक्राला बॅलन्स आणि त्या कमानीला हेअरस्प्रिंग म्हणतात. जुन्या घड्याळांत हे चक्र बहुधा तासाला १८,००० ठोके देते, म्हणजे सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार आणि वर्षाला पंधरा कोटींहून अधिक. ज्या टोकांवर ही चक्रे फिरतात ती कृत्रिम माणकांच्या छिद्रांत बसवलेली असतात. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते ते याच माणकांविषयी. दागिन्याच्या किमतीशी त्याचा काही संबंध नसतो. माणिक कठीण असते, ते झिजत नाही, म्हणून त्याची योजना. पण पोलाद झिजते. दोहोंच्या मध्ये तेलाचा एक अतिसूक्ष्म थेंब असतो आणि काही वर्षांत तो सुकतो किंवा पसरून जातो. घड्याळ मात्र चालतच राहते. धनी म्हणतो, ‘चालते आहे ना, मग उघडायचे कशाला?’ त्या काळात कोरड्या टोकांची झीज होत असते. म्हणूनच साधारण पाच ते दहा वर्षांनी घड्याळ पूर्ण उकलावे, प्रत्येक भाग धुवावा आणि पुन्हा तेल द्यावे, असा प्रघात आहे. तेलही एक नव्हे: हलणाऱ्या चक्राला पातळ, कमानीच्या डबीला घट्ट, आणि काही ठिकाणी अजिबात नाही. कोठे तेल द्यायचे नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो खरा घड्याळजी.

असा घड्याळजी पूर्वी प्रत्येक बाजारपेठेत असे. डोळ्याला भिंग लावलेला, काचेच्या पेटीमागे मान खाली घालून बसलेला, चिमट्याने कणाएवढा स्क्रू उचलणारा माणूस हे शहरांचे नेहमीचे दृश्य होते. भारतात स्विस घड्याळे एकोणिसाव्या शतकापासून येत आहेत. वेस्ट एंड वॉच कंपनीची घड्याळे मुंबईत व कलकत्त्यात विकली जात आणि रेल्वेच्या नोकरांच्या मनगटांवर दिसत. १९६१ मध्ये बंगळूर येथे एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवण्यास आरंभ केला, तेव्हा चावीचे घड्याळ मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले आणि दुरुस्तीचे काम गल्लोगल्ली पोचले. पुढे २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेको कंपनीने क्वार्ट्झचे मनगटी घड्याळ विक्रीस आणले. सेकंदाला हजारो कंपने पावणाऱ्या स्फटिकाने पाच ठोक्यांच्या चक्राला सहज मागे टाकले. स्वित्झर्लंडमध्ये १९७०च्या सुमारास या उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसे होती. दीड दशकात त्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश उरली. आपल्याकडे एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. घड्याळजीकडे येणारे काम सेल बदलणे आणि पट्टा कापणे एवढ्यावर आले. ज्या कामाला दोन मिनिटे लागतात त्यासाठी मुलाला दहा वर्षे शिकवावे, असे कोणत्या बापाला वाटेल?

आज जुन्या उंची घड्याळाच्या धन्यापुढे दोनच दारे असतात आणि दोन्हींपाशी त्याला अडखळावे लागते.

पहिले दार कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राचे. तेथे काम नेटके होते, पावती मिळते, मुदतीची हमी मिळते. जिनिव्हाची पाटेक फिलिप ही कंपनी १८३९ पासून आपण बनवलेले कोणतेही घड्याळ दुरुस्त करण्याची तयारी दाखवते, ही गोष्ट नाव घेण्याजोगी आहे. परंतु सगळ्यांचे असे नाही. जुन्या बनावटीचे भाग उपलब्ध नाहीत, हे उत्तर ठिकठिकाणी मिळते. घड्याळ परदेशी पाठवावे लागले तर महिनोन्‌महिने जातात आणि खर्च एखाद्या चांगल्या नव्या घड्याळाइतका होतो. शिवाय अधिकृत केंद्राची दृष्टी वस्तू नव्यासारखी करण्याची असते. पिवळसर झालेली तबकडी काढून नवी बसवली जाते, कवचाला झिलई दिली जाते, काटे बदलले जातात. घड्याळ चकाकते, पण ज्या तबकडीकडे वडील चाळीस वर्षे पाहत होते ती परत येत नाही. संग्राहकांच्या बाजारातही मूळ तबकडी गेलेल्या घड्याळाचे मोल उतरते. म्हणून ‘झिलई करू नये, तबकडी व काटे बदलू नयेत, काढलेले भाग परत द्यावेत’ असे काम देतानाच लेखी सांगणे शहाणपणाचे ठरते. तोंडी सांगितलेले वर्कशॉपपर्यंत पोचत नाही.

दुसरे दार बाजारातल्या स्वतंत्र कारागिराचे. त्याच्याविषयी बोलताना दोन टोकांची मते ऐकू येतात. एक, ‘हे लोक भाग चोरतात’. दुसरे, ‘यांच्या हाताला तोड नाही’. दोन्ही सरसकट विधाने आहेत आणि सरसकट विधानांनी कारागीर सापडत नाही. तबकडी रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग जुळवून तयार केलेली घड्याळे मुंबईच्या बाजारातून देशोदेशी गेली आहेत. परदेशी संग्राहकांनी त्यांना नावही ‘मुंबई स्पेशल’ असे ठेवले आहे. हे भूषणावह नाही. पण त्याच बाजारात, ज्या घड्याळाचा भाग जगात कोठे मिळत नाही तो दांडा कांतून देणारे हातही आहेत. निवड करायची ती माणसाची.

चांगल्या कारागिराच्या खुणा बारीक असतात. तो घड्याळ हातात घेताच किंमत सांगत नाही. मागचे झाकण धन्यासमोर उघडतो, यंत्रावरचा क्रमांक दाखवतो आणि पावतीवर लिहून देतो. घड्याळात पाणी गेले होते का, ते शेवटचे केव्हा उघडले, दिवसाला किती मागे पडते, हे विचारतो. ‘वडिलांचं आहे हो काका, जरा जपून,’ असे कोणी म्हटले तर हसून सोडून देत नाही. दुरुस्तीनंतर घड्याळ त्याच दिवशी देत नाही. उभे, आडवे, उताणे ठेवून काही दिवस त्याची चाल पाहतो. आणि क्वचित ‘हे माझ्याने होणार नाही’ असेही सांगतो. हे शेवटचे वाक्य ज्याच्या तोंडून निघते त्याच्याकडे पुढचे घड्याळ निःशंकपणे न्यावे. उलट, जो ‘तासाभरात या’ म्हणतो त्याच्याकडे पट्टा बदलून घ्यावा.

आणखी एक गोष्ट जाणता कारागीर सांगतो आणि धन्यांना बहुधा ठाऊक नसते. अंधारात चमकावेत म्हणून जुन्या घड्याळांच्या काट्यांना व आकड्यांना रेडियमचा रंग दिला जात असे. ही पद्धत विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत चालू होती. चमक केव्हाच विझलेली असते. किरणोत्सर्ग मात्र चालूच असतो, कारण रेडियम निम्मे होण्यास सुमारे १,६०० वर्षे लागतात. बंद घड्याळ मनगटावर घालण्यात मोठा धोका नाही. पण तबकडी खरवडणे, तिची भुकटी श्वासावाटे किंवा तोंडावाटे जाणे घातक आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेत असे आकडे रंगवणाऱ्या तरुण कामकरी मुली ब्रश ओठांनी टोकदार करत आणि त्यांपैकी कित्येकींना त्यापायी जीव गमवावा लागला. घरच्या घरी झाकण उघडून साफसूफ करण्याची हौस म्हणूनच आवरावी.

आता भागांचा प्रश्न. स्वतंत्र कारागिराचे हात कितीही कुशल असले तरी भाग मिळाल्यावाचून त्याचे चालत नाही. गेल्या काही दशकांत अनेक बड्या स्विस उत्पादकांनी सुटे भाग केवळ आपल्या मान्यताप्राप्त दुरुस्तीदारांनाच देण्याचे धोरण धरले. त्याविरुद्ध युरोपातील घड्याळ-दुरुस्तीदारांच्या संघटनांच्या महासंघाने २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने २००८ मध्ये ती फेटाळली. २०१० मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. आयोगाने पुन्हा तपास करून २०१४ मध्ये तक्रार पुन्हा फेटाळली आणि २०१७ मध्ये न्यायालयानेही आयोगाचीच बाजू उचलून धरली. दुरुस्तीचा दर्जा राखणे आणि बनावट मालाला आळा घालणे, ही उत्पादकांची कारणे तेथे ग्राह्य ठरली.

कारणे खोटी नाहीत. अर्धशिक्षित हातात गेलेले घड्याळ कायमचे नासते, आणि बनावट भागांचा सुळसुळाट हेही सत्यच आहे. परंतु दर्जाची काळजी असेल तर परीक्षा घ्यावी आणि उत्तीर्ण होईल त्याला भाग द्यावेत. सरसकट दार लावून घेण्याने दर्जा वाढत नाही, फक्त दर वाढतात. तसेच, मूळ भाग मिळेनासा झाला की कारागीर नाइलाजाने बनावट भागाकडे वळतो. ज्या रोगावर औषध म्हणून हे धोरण आणले, तोच रोग त्याने पोसला जातो.

भारतात मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न आला होता. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग व दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न दिल्याबद्दल चौदा मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलात गेले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यासाठी शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली गेली. घड्याळांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. ट्रॅक्टर आधी, घड्याळ नंतर, हा क्रम योग्यच म्हटला पाहिजे. पण ‘नंतर’ म्हणजे केव्हा, हे कोणीतरी विचारावयास हवे, कारण थांबायला वेळ फारसा नाही. जुन्या घड्याळजींच्या पेट्यांत औषधाच्या डब्या असतात आणि त्या डब्यांत मेलेल्या घड्याळांची चाके, काटे, माणके वर्षानुवर्षे जपलेली असतात. कंपनीच्या गोदामात नसलेला भाग पुष्कळदा तेथे सापडतो. दुकानाचा वारस दुसऱ्या व्यवसायात गेला की त्या डब्या भंगारात जातात.

युनेस्कोने २०२० मध्ये स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सीमेवरील यांत्रिक घड्याळकलेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. तेथे शाळा आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. आपल्याकडे ही विद्या उस्तादाच्या शेजारी स्टुलावर बसून शिकली जाते आणि तिला कागदाचा आधार नाही. उमेदवारांच्या विद्यावेतनाचा काही भार उचलण्याची केंद्र सरकारची योजना २०१६ पासून आहे. पण उमेदवारीच्या नियमांनुसार त्यासाठी आस्थापनेत किमान चार माणसे कामाला असावी लागतात. घड्याळजीच्या दुकानात बहुधा एकच असतो. एकट्या कारागिराच्या अशा व्यवसायांपुरती ही अट शिथिल केली, आणि त्या स्टुलावर बसणाऱ्या मुलाला वा मुलीला महिन्याकाठी काही रक्कम मिळू लागली, तर त्या डब्या उघडणारे हात निदान आणखी एक पिढी तरी टिकतील.