क्षयरोग : गोळीचा असर ओसरल्यानंतर काय घडते?

क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड ही प्रमुख औषधे रक्तात फार काळ टिकत नाहीत. काही तासांतच त्यांचे प्रमाण निम्म्यावर येते. तरीही दिवसातून एकदाच घेतलेली मात्रा पुरते. याचे एक कारण असे, की औषध निघून गेल्यावरही त्याच्या माऱ्यातून वाचलेले जिवाणू लगेच वाढू लागत नाहीत.

ब्रिटिश संशोधक डेनिस मिचिसन आणि जीन डिकिन्सन यांनी हा विराम प्रयोगशाळेत मोजला. जिवाणू २४ तास औषधात ठेवून नंतर औषध काढून टाकले, तेव्हा रिफॅम्पिसिननंतर २ ते ३ दिवस, तर आयसोनियाझिडनंतर ६ ते ९ दिवस वाढ थांबलेली दिसली. आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली दिलेली औषधेही गुणकारी ठरतात, हे १९६०च्या दशकात मद्रासमधील चाचण्यांनी दाखवले होते. भारताच्या 'डॉट्स' कार्यक्रमातही १९९७ पासून औषधे आठवड्यातून तीनदाच दिली जात.

मेख अशी, की हा विराम प्रत्येक औषधागणिक वेगळा असतो. सोमवारनंतर बुधवारची मात्रा चुकली, तर पुढची थेट शुक्रवारी. तोवर रिफॅम्पिसिनचा असर ओसरू शकतो. आयसोनियाझिडचा मात्र टिकून असतो. अशा वेळी आयसोनियाझिडला न जुमानणारे मोजके जिवाणू वाढू लागतात, बाकीचे थांबलेलेच राहतात. असे वारंवार घडले, की औषधाला दाद न देणारा क्षयरोग मूळ धरतो. रोजच्या उपचारात एखादी मात्रा चुकली तरी अंतर इतके लांबत नाही. भारताने २०१७ मध्ये देशभर दैनंदिन उपचार स्वीकारले, ते याच दिशेने टाकलेले पाऊल होते.

बहुऔषधरोधक क्षयरोगावरील बेडाक्विलिनबाबत हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. शरीरातील त्याचे प्रमाण शेवटच्या टप्प्यात निम्मे व्हायला सुमारे साडेपाच महिने लागतात. उपचार मध्येच सुटले, तर सोबतची औषधे निघून जातात आणि बेडाक्विलिन एकटेच रेंगाळते. एकट्या औषधाला चुकवणे जिवाणूंना सोपे जाते.

त्यामुळे औषधाचा मागे उरणारा असर म्हणजे खाडा करण्याची मुभा नव्हे. मात्रा चुकल्यास मनाने दुप्पट गोळ्या न घेता उपचार केंद्राला कळवावे. मात्र केंद्रातच गोळ्या नसतील, तर रुग्णाची शिस्तही निरुपयोगी ठरते. अखंड पुरवठा हाही उपचाराचाच भाग आहे.