दोन कुत्री, चार मैदानं आणि पाव किलो बेदाणे

सुट्टीत गावाला जायचं म्हणजे आपण काय करतो? कुंड्या शेजारणीच्या हवाली, दूध बंद, गॅस बंद, किल्ली खालच्या काकूंकडे, की झालो मोकळ्या. पण घरात कुत्रं असेल तर? आमच्याकडे तर दोन आहेत. तेव्हा मैत्रिणींनो, या खेपेला लोणची-पापड बाजूला ठेवून प्रवासाचंच सांगते. बऱ्याच जणींनी विचारलंही होतं.

आधी दोघांची ओळख करून देते. राणी गावठी, नऊ वर्षांची. आम्ही महाळुंग्याला राहायला आलो तेव्हा शेजारच्या इमारतीचं बांधकाम चालू होतं. काम संपलं, मजुरांची बिऱ्हाडं हलली, आणि पत्र्याच्या खोपटाच्या जागी हे एक पिल्लू तेवढं मागं राहिलं. चार दिवस चतकोर टाकत होते, पाचव्या दिवशी ते घरात येऊन पायपुसण्यावर झोपलं. दुसरा बंड्या. लॅब्रॅडॉर, वय तीन, वजन माझ्या निम्मं आणि भूक माझ्या दुप्पट. मुलानं परदेशी जाताना ‘तुम्हाला सोबत’ म्हणून आणून ठेवला.

आदल्या वर्षी लग्नाला जाताना दोघांना एका सांभाळघरात ठेवलं होतं. परत आलो तेव्हा राणीनं चार दिवस अन्नाला तोंड लावलेलं नव्हतं. त्यांनी आम्हाला फोनही केला नव्हता. त्याच दिवशी ठरवलं, आता जाऊ तिथं चौघं.

जायचं कुठं हे ठरवायचं काम आमच्या ह्यांचं. कुणाच्या नवऱ्याला देवळांची आवड असते, कुणाच्या धरणांची. ह्यांना मैदानांची. सामना असलाच पाहिजे असंही नाही, रिकामं मैदान असलं तरी हे पाऊण तास बघत उभे! सकाळचं फिरणं आमचं श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या बाजूनं. ते १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं आणि २००८ मध्ये तिथं राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, हे मी भाजी निवडता निवडता इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही सांगेन. निवृत्त झाल्यापासून ह्यांची यादी तयार होती. २०२५ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही निघालो ते कोल्हापूर-सांगली करायला.

पण त्याआधी एक रंगीत तालीम केली, आणि तुम्हीही जरूर करा. कुत्र्याला एकदम पाच तासांच्या प्रवासाला नेऊ नये. आम्ही आठवडाभर रोज थोडं थोडं फिरवलं आणि रविवारी गहुंज्यापर्यंत गेलो. तिथं क्रिकेटचं मोठं स्टेडियम २०१२ साली झालं. हे दारावरच्या माणसाशी गप्पा मारून आत डोकावून आले. कुत्र्यांना अर्थातच मज्जाव. त्यामुळे मी बाहेर, दोन पट्टे दोन हातांत. परत येताना २०१७ च्या कसोटीची कथा ऐकली. ऑस्ट्रेलियाच्या ओकीफनं दोन्ही डावांत पस्तीस-पस्तीस धावांत सहा-सहा बळी घेतले, आपण १०५ आणि १०७ मध्ये आटोपलो, तीन दिवसांत खेळ खलास. बंड्या मात्र येताना दोनदा ओकला. चूक माझीच, निघण्याआधी पोटभर दूधभात घातला होता. प्रवासाआधी तीन-चार तास खाणं नको, पाणी मात्र हवं.

आता उन्हाचं नीट ऐका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून ते अंग थंड करतं. बंद गाडीत बाहेरच्यापेक्षा किती तरी जास्त उष्मा पंधरा-वीस मिनिटांत साठतो, आणि काच चार बोटं खाली ठेवल्यानं फारसा फरक पडत नाही. ‘जरा दुकानातून येते’ म्हणून कुत्र्याला गाडीत कोंडून जाऊच नका. सावली सरकते, आणि दुकानात ओळखीचं कुणी भेटतंच! डांबरावर चालवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद रस्त्यावर टेकवून बघा. आपल्याला सोसवलं नाही तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. धापा थांबेनात, हिरड्या लालभडक झाल्या, लाळ गळायला लागली, तोल जायला लागला, तर ऊन लागलं समजा. सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि डॉक्टर गाठा. बर्फ थापत बसू नका.

सामानही थोडक्यात सांगते. घरचं पाणी दहा लिटर, दोन पसरट भांडी, जुनी सुती साडी दुपदरी करून मागच्या सीटवर (केस झटकले की साफ), गोचीड काढायचा चिमटा, पट्ट्याला आमच्या फोन नंबरचा बिल्ला, आणि रेबीजच्या लशीचा दाखला. दाखला मुक्कामाच्या ठिकाणी मागतात. मुक्कामाचं आधी फोनवर ठरवा आणि कुत्र्याचा आकारही सांगा. कोल्हापुरात एका ठिकाणी फोनवर ‘चालेल की’ म्हणाले आणि बंड्याला बघून ‘एवढं मोठं?’ म्हणत दार लावायला लागले. रात्री नऊला दुसरी खोली शोधली.

पहाटे साडेचारला निघालो. साताऱ्याला कंदी पेढे घेतले आणि कऱ्हाडशेजारी गोळेश्वरला थांबलो. हे खाशाबा जाधवांचं गाव. १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा. स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला पैसे नव्हते, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं असं सांगतात. हे ऐकून माझ्या मनात पहिलं आलं ते वेगळंच. त्या घरच्या बाईंना आधी विचारलं असेल का? ह्यांना म्हटलं, तर म्हणाले, “तुझं आपलं भलतंच असतं.” असेल भलतं.

कोल्हापुरात दोन दिवस. खासबाग मैदान खरंच बघण्यासारखं आहे. मधे लाल मातीचा हौदा आणि भोवती उतरती बैठक. शाहू महाराजांनी रोममधलं जुनं रंगस्थळ पाहून ही कल्पना आणली म्हणतात. १९१२ सालचं हे मैदान. आपल्या राजानं पैलवानांसाठी असं काही उभारावं याचा अभिमान वाटतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉल. या गावाला फुटबॉलचं जे वेड आहे ते सांगून पटायचं नाही. कुस्तीच्या तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ, आणि घराघरांत त्यावरून तट. भाऊसाहेब निंबाळकर इथलेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याच्या पूना क्लब मैदानावर त्यांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम मोडायला दहा हव्या होत्या, तर समोरच्या कप्तानानं पुढे खेळायलाच नकार दिला! आणि एवढं करून हे गृहस्थ एकही अधिकृत कसोटी खेळले नाहीत.

हे सगळं मी ऐकलं ते दाराबाहेर. खासबागेत मी नंतर पाच मिनिटं जाऊन आले तेवढंच. शाहू स्टेडियमला तर तेही नाही, बंड्या एका बोकडामागे लागला होता. रंकाळ्यावर संध्याकाळी कणीस खाताना माझा तोल सुटला. म्हटलं, “पंचेचाळीस वर्षं तुम्ही आत आणि मी बाहेर सामान सांभाळत. पूर्वी पिशव्या होत्या, आता पट्टे आहेत.” हे गप्प. मग म्हणाले, “तुला खेळाची आवड नाही म्हणून…”

आवड नाही! १९७३ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बायकांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुंबई, महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, इनमिन तीन संघ. मी चौदा वर्षांची. दादाबरोबर जाऊन बघितली आणि घरी येऊन वाड्याच्या अंगणात रबरी चेंडू वळवायला शिकले. पुढच्या वर्षी वडिलांनी दोन वाक्यांत ते बंद केलं. लग्नानंतर कधी तरी ह्यांना सांगितलं होतं, पण ऐकलं नसावं. रंकाळ्यावर मी पुन्हा सांगितलं नाही. राग आला की माझं तोंड मिटतं. ही सवय चांगली नाही, तुम्ही माझी री ओढू नका.

दुसऱ्या दिवशी सांगली. गावात शिरताच ह्यांनी तासगावचे बेदाणे घेतले, पाव किलो, हिरवे, टपोरे. पिशवी मागच्या सीटवर टाकली आणि आम्ही चहाला टेकलो. कुत्री समोर झाडाखाली बांधलेली. चहा झाल्यावर ह्यांनी त्यांना गाडीत बसवलं आणि मी तोंड धुऊन येईपर्यंत बंड्या पिशवीतला शेवटचा बेदाणा चाटत होता.

हे हसले. “पोट साफ होईल त्याचं.”

मैत्रिणींनो, आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलेला, माझ्या अक्षरातला. कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, मनुका. ह्यांनी त्याच्याकडे कधी बघितलं नाही, कारण तो स्वयंपाकघरात आहे. द्राक्षं आणि त्याहून बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. सगळ्याच कुत्र्यांना होतं असं नाही, पण कुठल्या कुत्र्याला किती दाणे बाधतील हे आधी सांगता येत नाही. माझे हातपाय गळाले. पण तोंड चालू होतं. चहावाल्याला विचारून पंधरा मिनिटांत जनावरांचा दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर तरुण मुलगी होत्या. त्यांनी एकच विचारलं, “किती वेळ झाला?” अर्धा तास. “मग बरं झालं लगेच आणलंत.” इंजेक्शन देऊन ओकारी काढली. बेदाणे जवळजवळ अख्खेच बाहेर पडले. मग कोळशाचं औषध, सलाइन, रक्ताची तपासणी. म्हणाल्या, आज चांगला दिसला तरी फसू नका, दोन दिवस सलाइन लावून रक्त पुन्हा बघू. घरी मीठ पाजून ओकारी काढायचा उद्योग करू नका, असंही त्यांनी बजावलं. मिठानं दुसरंच संकट उभं राहतं.

ह्यांचा चेहरा बघवत नव्हता. दवाखान्याच्या फरशीवर बंड्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले ते उठेनात. मी राणीला घेऊन खोलीवर आले. रात्री हे हळूच म्हणाले, “तो कागद कुठं आहे म्हणालीस?” म्हटलं, “फ्रिजवर, सहा वर्षं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनीच राणीचा पट्टा माझ्या हातातून घेतला. “मी दोघांना बघतो. तू जा, मैदान बघून ये.” माझाच पाय निघेना. पण गेले.

सांगली म्हणजे विजय हजाऱ्यांचं जन्मगाव. भारतानं पहिली कसोटी जिंकली ती १९५२ साली, त्यांच्याच कप्तानपदाखाली. आणि आता स्मृती मानधनाची सांगली. वडील आणि भाऊ जिल्ह्याच्या संघातून खेळलेले. भावाचं बघून ही बॅट धरायला लागली, नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालच्या संघात आली आणि २०१३ साली एकोणीस वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात नाबाद २२४ धावा केल्या. मैदानावर सकाळी सातला सुट्टीचं शिबिर चालू होतं. तीस-एक मुलं, त्यात दहा-बारा मुली. कुणाची वेणी हेल्मेटमधून बाहेर, कुणाचे पॅड मांडीपर्यंत. कडेला आया डबे घेऊन बसलेल्या. एकीनं मला जागा करून दिली, वर विचारलं, “तुमची नात कुठली?”

म्हटलं, “माझं कुणी नाही. मीच आलेय.”

ती हसली आणि उपम्याचा डबा पुढं केला. तास-दीड तास बसले. एक चेंडू घरंगळत पायाशी आला, तो उचलला. शिवण बोटांना लागली, आणि कुणी हाक मारायच्या आत मी साडीचा पदर खोचून तो फेकला. हात वर नेऊन, मनगट वळवून. दोन टप्पे पडले आणि फलंदाज मुलीपासून हातभर लांब गेला. पण वळला! त्या मुलीनं टाळी वाजवली. खांदा मात्र चार दिवस दुखला, तिळाचं तेल चोळावं लागलं.

परत आले तर हे दवाखान्याच्या पायरीवर. बंड्याचं रक्त चांगलं आलं होतं. हे विचारत होते मैदान कसं आहे, खेळपट्टी कशी आहे, आणि मी सांगत होते. असं कधी झालं नव्हतं. चेंडूचं सांगितलं, १९७३ चंही सांगितलं. हे म्हणाले, “मग कोल्हापुरात का नाही बोललीस?” त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संध्याकाळी चौघं कृष्णेच्या घाटावर जाऊन आलो. गणपतीला हे आधी जाऊन आले, मग मी. आयर्विन पुलावर ऊन उतरलं होतं आणि बंड्याला पुन्हा भूक लागली होती.

२ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला, त्या रात्री राणी फटाक्यांना भिऊन पलंगाखाली आणि आम्ही दोघं दूरदर्शन संचासमोर जागे. हे मधेच उठून चहा करायला आत गेले. साखरेचा डबा सापडेना म्हणून हाक मारतील असं वाटलं, पण मारली नाही. चहा आला, बिनसाखरेचा. प्यायले.

बेदाणे आता वरच्या फळीवर, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात असतात. कागदाची एक प्रत ह्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेवली आहे, स्वतःच्या अक्षरात. पुढच्या खेपेला नाशिकचं अनंत कान्हेरे मैदान म्हणतायत. कुणी आधी आत जायचं ते अजून ठरायचंय.